वाढवलेलं दुकान

साताऱ्यात नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली. एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. शाळेच्या दिवसांत वेळ कसा जातो ते कळत नाही, पण रविवारी खोलीत बसवत नाही. कपडे धुऊन वाळत घालते आणि साडेनऊपर्यंत स्टँड गाठते. जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसते. कधी माहुलीचा संगम, कधी कराड, बहुतेक वेळा वाई, कारण वाईला गाड्या पुष्कळ असतात.

अर्धं तिकीट मागितलं की कंडक्टर विचारतो, किती. एक म्हटलं की तो शेजारच्या सीटकडे बघतो आणि पुन्हा विचारतो, "एकच?" सवयीनं विचारत असेल. मला मात्र दर खेपेला उत्तर द्यायला क्षणभर वेळ लागतो.

एकटं फिरणाऱ्या बाईला लोक एक काम हमखास सांगतात, फोटो काढायचं. मेणवलीच्या घाटावर, संगमाच्या पायऱ्यांवर कुणीतरी मोबाईल हातात देतं. "ताई, आमचा एक काढता का?" मग सासू मधे उभी राहते, सुना पदर सारखे करतात, आजोबांना कुठून तरी ओढून आणलं जातं. मी दोन-तीन काढते, एखादा आडवा. बघून ते म्हणतात, छान आलाय. कुणी विचारतं, तुमचा काढू का? मी नको म्हणते. किती घरांतल्या मोबाईलमध्ये मी काढलेले फोटो असतील, कोण जाणे.

संध्याकाळी परत आले की अब्बांना फोन करायचा, हा नेम. अब्बा कवठे महांकाळला एकटे असतात. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी त्यांची एकुलती एक. आज कुठं गेलतीस, हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि संगं कोण व्हतं, हा दुसरा. शाळेतल्या बाई होत्या, असं मी सांगते. मग त्यांना बरं वाटतं आणि ते दुकानातलं काहीतरी सांगायला लागतात.

अब्बांचं दुकान बांगड्यांचं. अरुंद, लांबट गाळा, दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे, मधे चटई. अब्बा चटईवर बसायचे आणि बाई समोर बसून हात पुढं करायची. हात बघूनच त्यांना माप कळायचं, विचारावं लागत नसे. अंगठ्याखालचा मांसल भाग ते हलकेच दाबायचे, तिला सासरचं काहीतरी विचारायचे, ती सांगायला लागेपर्यंत पाच बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या. नव्या नवरीचा घट्ट हात असला तरी तिच्या तोंडून हाय निघू द्यायचे नाहीत. हात भरून झाला की बायका वाकून नमस्कार करायच्या. हिंदू बायका मुसलमान कासाराच्या पाया पडतात याचं तेव्हा मला काही वाटायचं नाही. सगळीकडे असंच असतं असं मला वाटायचं.

आमच्या घरात माझ्याआधी दहावी कुणी झालं नव्हतं. परीक्षेच्या महिन्यात घरची वीज सारखी जायची, म्हणून अब्बांनी गाळ्याच्या मागच्या टोकाला चादर बांधून मला बसायला जागा केली होती. गिऱ्हाईक बायका आत येऊन मोठ्यानं बोलायला लागल्या की अब्बा चादरीकडे बोट करायचे. बायका आवाज खाली आणायच्या. "पोरगी अभ्यास करतीया व्हय? मग लवकर भरा चाचा, आमी जातो." माझ्या पदवीत त्या बायकांचाही वाटा आहे, असं मी नेहमी म्हणते. म्हणजे मनात म्हणते. उघड कुठं बोलले असेन असं आठवत नाही.

गेल्या बकरी ईदला घरी गेले तेव्हा शेजारचा शिंपी गाळा सोडून गेलेला दिसला. मधली भिंत पाडली तर दुकान दुप्पट होईल, काचेची कपाटं बसवता येतील, अब्बांना चटईऐवजी खुर्ची मिळेल, असं सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. अब्बा गुडघे चोळत बसले होते. पूर्वीसारख्या बायका येत नाहीत, मापाच्या तयार बांगड्या मिळतात, त्या आपल्या आपण घालतात, असं सांगत होते. मी म्हटलं, "असं किती दिवस चालायचं अब्बा? आता दुकान वाढवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला असं वाटतं?"

"कधीपासून वाटतंय," मी म्हटलं.

घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण दुकानाचं बोलणं अब्बांचं कायम मराठीतच. तेव्हाही ते मराठीतच बोलले. "बरं. बघतो," एवढंच म्हणाले.

श्रावण संपला, गणपती झाले. एका रविवारी फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर अब्बा म्हणाले, "वाढवलं बेटा दुकान."

मला इतका आनंद झाला. "लय बरं केलंत अब्बा. मला लय बरं वाटलं."

"तुला बरं वाटलं नव्हं? मग झालं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी कंदी पेढे नेले. वडिलांनी दुकान मोठं केलं, असं सांगितलं. कसलं दुकान, असं एका बाईंनी विचारलं. मी म्हटलं, जनरल.

त्यानंतर दोन महिने मला घरी जाणं जमलं नाही. सहामाही परीक्षा होत्या, पेपर होते. दिवाळीच्या सुट्टीत मतदार यादीचं काम आलं. येऊ का म्हटलं की अब्बा म्हणायचे, एवढ्या लांब एका दिवसासाठी कशाला जीव दमवतीस. एक फरक मात्र जाणवला होता. पूर्वी दुपारी फोन केला तर ते उचलायचे नाहीत, हातात कुणाचा तरी हात असायचा. आता पहिल्या रिंगला उचलायचे. मागं बायकांचा आवाज नसायचा, काचांचा नसायचा. नवं दुकान मोठं आहे, आवाज विखुरत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी वाईला होते. ऊन उतरलं होतं, घाटावर मुली पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. देवळाकडून येणाऱ्या वाटेवर एक बाई प्लास्टिकच्या कागदावर हळदकुंकू, करंडे आणि थोड्या हिरव्या बांगड्या मांडून बसलेली असते. बांगड्या दिसल्या की मी थांबतेच. एक जुडी उचलून मी पारखत होते. बाईनं बाकीचा माल टोपलीत भरायला सुरुवात केली होती.

"घ्यायच्या असल्या तर बघा बाई पटकनी. मी दुकान वाढवतीया."

मी विचारलं, एवढ्यात का. ती म्हणाली, सूनबाईचं दिवस भरल्यात, दवाखान्यात जायाचं हाय. तिनं कागदाची चारी टोकं धरली, झटकली, घडी केली, टोपलीत ठेवली. जिथं दुकान होतं तिथं नुसती फरशी राहिली.

माझ्या हातातली जुडी तिनं काढून घेतली. मी ती घट्ट धरून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. आणि रात्री फळ्या लावून कुलूप घालताना अब्बांनी आयुष्यात कधी दुकान बंद केलं नाही, ते वाढवलंच. बंद हा शब्द धंद्याला लावायचा नसतो. हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकत आले होते. वर्गात वाक्प्रचार शिकवताना फळ्यावर लिहूनही दिलं होतं. तरी ईदच्या दिवशी चटईवर बसलेल्या बापाला मी सांगितलं होतं की आता दुकान वाढवा. आणि त्यांनी ते वाढवलं होतं.

वाईच्या स्टँडवर तीन वेळा फोन हातात घेतला. फोनवर विचारण्यासारखं ते नव्हतं.

सोमवारी रजा टाकून निघाले. सातारा, कराड, सांगली, मग मिरजेवरून कवठे महांकाळ. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. सांगलीपर्यंत शेजारी एक म्हातारी होती. तिनं मला शेंगा दिल्या, गाव विचारलं, माहेरी निघालीस व्हय म्हणाली. मी व्हय म्हटलं. आई हाय का, तिनं विचारलं. अब्बा आहेत म्हटलं. मग तिनं आणखी शेंगा दिल्या. मिरज सोडल्यावर ऊस विरळ झाला, द्राक्षाचे मांडव दिसायला लागले, मग नुसती माळरानं.

स्टँडवरून घरी जाताना गाळा वाटेतच लागतो. शिंप्याचा आणि आमचा, दोन्ही गाळे एक झाले होते. मधली भिंत मी मनात पाडली होती तिथूनच पाडली होती. आत काचेची कपाटं होती, दिवे होते आणि मोबाईलची कव्हरं टांगली होती. कुणीतरी मला काय पाहिजे म्हणून विचारलं. मी काही नको म्हणून पुढं गेले.

अब्बा अंगणात खुर्चीवर बसले होते. घरात पाऊल टाकायला जागा नव्हती. सगळे पुठ्ठ्याचे डबे भिंतीला लावून रचले होते, मापाप्रमाणे, दुकानात होते तसेच. मला बघून ते उठले, पाणी आणलं. मग चहा केला. चहा संपेपर्यंत मी धीर गोळा केला.

"अब्बा, मी मोठं करा म्हणत होते. शेजारचा गाळा घेऊन. वाढवा म्हणजे ते."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. "मोठं?"

"व्हय."

ते हसले, पण आवाज आला नाही. "मराठीची मास्तरीण झालीस आन् दुकानाची भाषा इसरलीस व्हय गं."

मीही हसायचा प्रयत्न केला. विचारलं, तुम्ही मला उलटून का विचारलं नाही. एवढं चाळीस वर्षांचं दुकान, नुसतं माझ्या एका शब्दावर.

त्यांनी कपातला गाळ अंगणात टाकला. "मला वाटलं, लेक शिकली, चार लोकांत बसती. बाप बायकांचं हात धरून बांगड्या भरतो, ह्ये तिला बरं दिसत नसंल. तोंडानं कसं सांगंल? म्हनून वाढवा म्हनाली."

"मला असं कधीच वाटलं नाही अब्बा."

"नसंल वाटलं," ते म्हणाले. "पर कवा तसं बोलली बी न्हाईस."

जनरल, असं मी सांगितलं होतं. नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात व्यापार लिहिलं होतं. सहा वर्षांत एकदाही शाळेतल्या कुणाला सांगितलं नव्हतं की माझे वडील कासार आहेत आणि नवरीच्या हाताला कळ न लागू देता चुडा भरतात. मला लाज वाटत होती असं मी तेव्हाही म्हटलं नसतं, आजही म्हणणार नाही. पण त्यांना जे वाटलं ते हवेतून आलेलं नव्हतं.

गाळामालकाशी बोलून बघू का, दुसरीकडे कुठं छोटी जागा मिळेल, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्या मोबाईलवाल्या पोरानं एवढं कपाटं-बिपाटं बसवलंय, त्याला उठवायचं का आता, असं विचारलं. मग म्हणाले, गुडघं बी ऱ्हायलं न्हाईत चटईवर बसायला. ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, मला ठरवता आलं नाही. जेवताना आम्ही शेजाऱ्यांच्या म्हशीबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला सोडायला स्टँडवर आले. मी कॉलेजला होते तेव्हापासून येतात. पिशवी आत देतात, खिडकीची जागा बघून देतात आणि लगेच वळतात, कारण दुकान उघडायची वेळ झालेली असते. गाडी हलताना खिडकीखाली मी त्यांना कधी बघितलेलं नाही.

या वेळी त्यांनी पिशवी दिली, जागा बघितली आणि खाली जाऊन खिडकीपाशी उभे राहिले. ड्रायव्हर चहाला गेला होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दोन बायका जाता जाता त्यांना चाचा म्हणून थांबल्या, पोरीला सोडायला आलाय व्हय म्हणाल्या आणि गेल्या. पत्र्याची सावली सरकून ऊन त्यांच्या पायावर आलं, मग तोंडावर आलं. ते डोळ्यांवर हात धरून उभे राहिले.

मी खिडकीतून वाकून म्हटलं, "अब्बा, जावा आता. ऊन लागतंय."

"जातो की," ते म्हणाले. पण जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "कुठं जायाचं हाय मला?"