खवल्यांची फुलं, रिकामी वाटी

आमच्या समोरच्या काकूंची मैत्रीण नाही असा जिल्हा महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. आणि नालासोपाऱ्यात, आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र माझ्याशिवाय एकीशीही त्यांचं धड बोलणं नव्हतं. बायकांच्या एका मासिकात तेव्हा छंदमैत्रीचं सदर यायचं. त्यातले पत्ते उतरवून काकू स्वतः केलेली भेटकार्डं गावोगाव पाठवत, आणि तिकडून कुणाचं लोकरीचं फूल, कुणाचा मण्यांचा पोपट येई. या मैत्रिणींना नावं असणारच, पण काकूंनी ती कधी घेतली नाहीत. गाव हेच नाव. “सांगलीची सून फार उर्मट आहे गो,” किंवा “परभणीला परत मुलगीच झाली,” हे त्या अशा काळजीनं सांगत की नवख्याला वाटावं, बाई सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहेत.

काकूंची खासियत म्हणजे खवल्यांची फुलं. बाजारातल्या कोळणीकडून जिताडा माशाचे मोठे खवले मागून आणायचे, लिंबाच्या पाण्यात धुवायचे, खायच्या रंगात बुडवून गॅलरीत वाळत घालायचे आणि एकेक पाकळी डिंकानं कार्डावर चिकटवायची. फूल इतकं नाजूक दिसे की हात लावायची भीती वाटावी. वास मात्र कितीही धुतलं तरी जात नसे. सोसायटीचे शाकाहारी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून जिना चढत, आणि काकू वरून म्हणत, “फूल डोळ्यांनी बघा हो, नाकानं कशाला बघता?” पोस्टमन जुना वसईकर. त्यानं एकदा हातच जोडले. “काकू, पाकिटात घालता काय वो? पेटीतनं डाक काढली का मांजरं माज्या मागं लागतात. कोनाला सांगू मी?” काकूंनी त्यालाही एक गुलाब करून दिला, आणि ती मांजरं त्याच्या घरापर्यंत गेली.

या सगळ्या व्यवहाराला कायदा एकच, वाटीचा. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. माझी वाटी त्यांच्याकडून कधी चार चिंचा, कधी चिमूटभर साखर घेऊनच यायची. मैत्रिणींच्या बाबतीतही तेच. हातानं केलेलं आलं की हातानं केलेलंच जाणार, नुसतं पत्र नाही. आणि आपली वाटी परत आल्याशिवाय दुसरी धाडायची नाही, नाहीतर समोरचीला तगादा लावल्यासारखं होतं. नागपूरशी त्यांनी कायमचं तोडलं, कारण नागपूरनं दुकानातलं छापील कार्ड पाठवलं होतं.

सगळ्यांत लाडकं धुळं. ती बाई जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून तळहाताएवढ्या गोधड्या शिवून कार्डावर टाचायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. काकूंचं मूल पाळण्यातच गेलं होतं. त्याविषयी त्या काकांशीसुद्धा बोलत नसत, पण धुळ्याला त्यांनी लिहिलं होतं. धुळ्यानं सांत्वनाचं अक्षर लिहिलं नाही, एक इवलंसं दुपटं शिवून पाठवलं. काकूंनी ते मला एकदाच दाखवलं.

मग एका दिवाळीत काकूंचं कार्ड गेलं आणि धुळ्याचं उत्तर आलं नाही. संक्रांत गेली, शिमगा गेला. काकू गॅलरीत पोस्टमनची वाट बघत उभ्या राहत. मी म्हटलं, “एक साधं पोस्टकार्ड टाका ना काकू. खुशाली तरी विचारा.”

“छे गो. येणं तिच्याकडून आहे. मागून घेतल्यासारखं दिसेल.”

गणपती आले नि गेले. बाकीच्या जिल्ह्यांना फुलं जात राहिली, पण पाकळ्या वाकड्या लागू लागल्या. मला त्यांचा राग येई आणि त्याहून जास्त वाईट वाटे.

पुढची दिवाळी झाल्यावर एक बाई पत्ता विचारत जिना चढून आल्या. धुळ्याची सून. विरारला भावाकडे आल्या होत्या. काकूंनी मलाही हाक मारून बोलावून घेतलं, एवढा त्यांना आनंद झाला होता.

“आई वैशाखात गेल्या,” सून म्हणाली. “संधिवातानं बोटं पार वाकडी झालेली. सुई धरवेना. मी म्हणायची, तुम्ही सांगा, पत्र मी लिहिते ना. तर म्हणायच्या, रिकामं कसं पाठवू?”

तिनं पिशवीतून अर्धवट गोधडी काढली. सुई तशीच टोचलेली होती, गंजलेली.

काकूंनी विचारलं, “मी नुसतं कार्ड टाकलं असतं तर?”

सून जरा घुटमळली. “रोज विचारायच्या हो. पोस्टमन आला का? नालासोपारा रुसला काय माझ्यावर?”

काकू रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेची ओटी भरली, नारळाशेजारी खवल्यांचं एक फूल ठेवलं, आणि जिन्याच्या तोंडापर्यंत तिला पोचवून आल्या. त्यानंतर खवले आणणं बंद झालं. सेक्रेटरींचा रुमाल खिशात गेला आणि मांजरंही आमचा जिना विसरली.

एका दुपारी बेल वाजली. दारात काकू, हातात माझी वाटी. सकाळी मी तिच्यातून वालाची उसळ दिली होती. वाटी लख्ख घासलेली आणि रिकामी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“घरात घालायला काही नव्हतं गो,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, तशीच जाते.” आणि आत येऊन बसल्या.

काकूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. समोर नवीन बिऱ्हाड आहे. त्यांच्याकडून वाटी आली की मी ती त्याच दिवशी, रिकामी का होईना, परत करायला जाते आणि घटकाभर बसते. म्हातारीला रीतभात माहीत नाही, असं म्हणत असतील बिचारे.