मिस्ड कॉल खाणारी बाई

ज्यांनी मला हात दिला, त्यांचे उपकार मी विसरत नाही. घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेत माझी फी माफ करणाऱ्या सरांना अजून दर दिवाळीला फोन करतो. राग धरायची वेळ आली, की तोही मी असाच नेमाने धरतो.

सिंगापूरला आलो तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी मला बिशानच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पहिला महिनाभर ठेवून घेतलं. मी त्यांना दादा म्हणत असे. एकदा वन-नॉर्थच्या ऑफिसात डबा खाताना त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि व्हॉइसमेलचं एक ॲप टाकलं. तू फोन उचलला नाहीस तर ते उचलेल, निरोप घेईल आणि लिहून दाखवेल, असं म्हणाले. "जरा प्रोफेशनल हो रे," ही वर पुस्ती. त्यांनी इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना ते टाकून दिलं होतं.

आईकडे बटणांचा फोन. तिची आणि माझी रीत ठरलेली होती. एक मिस्ड कॉल म्हणजे जेवलो, बरे आहोत. लागोपाठ दोन म्हणजे असशील तिथून फोन कर. परदेशी कॉल उचलला गेला तर तिचा बॅलन्स संपतो, म्हणून मी तो कधीच उचलत नसे.

ॲप मात्र उचलत होतं, दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत.

वडिलांच्या छातीत कळ आली त्या दुपारी आईने मला फोन लावला. एक बाई इंग्रजीत बोलू लागली. आई तिला सांगत राहिली, "अहो, त्याला बोलवा, त्याचे वडील..." तेवढ्यात बॅलन्स संपला आणि दुसरा मिस्ड कॉल लागलाच नाही. माझ्या स्क्रीनवर निरोप आला तो निरर्थक इंग्रजी शब्दांचा. नंबर न बघताच मला वाटलं, जाहिरात असेल. दुसऱ्या दिवशी आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं, तोवर वडिलांना दवाखान्यात एक रात्र झाली होती. ते वाचले. आईने एवढंच विचारलं, "तुझ्या घरात ती कोण बाई आहे? मला बोलूच देत नाही."

दादांना सांगितलं, तर ते सगळ्यांसमोर हसले. "मिस्ड कॉल? अरे, आईला स्मार्टफोन घेऊन दे की! हा अजून एसटी स्टँडवरच उभा आहे."

मीही हसलो. मनात म्हटलं, थांबा.

त्या संध्याकाळी ॲप डिलीट केलं आणि ऑफिसच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. उचलला तो त्याच बाईने! मोबाइल कंपनीला फोन केला. तिथली मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली, "नुसतं ॲप काढलं? तसं होत नाही, लाह. तुमचे कॉल अजून तिकडेच जातायत. आधी फॉरवर्डिंग बंद करा." तिने सांगितल्याप्रमाणे ##004# डायल केलं. मग तिच्याकडून कंपनीचा साधा व्हॉइसमेल परत सुरू करून घेतला आणि पूर्ण तीस सेकंद वाजल्याशिवाय त्याने फोन उचलायचा नाही, अशी सोय करून घेतली. ती बाई गेली. माझा राग गेला नाही.

पुढच्या रविवारी बुकित पंजांगला मंडळाचं जेवण होतं. माझ्या शेजारी एका मरीन इंजिनिअरच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना माझी गोष्ट सांगितली, तर त्यांनी हातातली पुरी खाली ठेवली. "म्हणजे आमच्या ह्यांचा जहाजावरून फोन येतो, तोही तीच भवानी उचलते? तरीच! हे म्हणतात, तू फोनच घेत नाहीस." मी त्यांचा फोन मागून घेतला. मग त्यांच्या जावेचा. मग पलीकडच्या टेबलावरून लोक आपणहून फोन घेऊन आले. श्रीखंड येईपर्यंत मी दादांचं ॲप एकेका फोनमधून उपटत होतो, आणि त्याने कुणाचे कोणते फोन खाल्ले ते मोठ्याने विचारत होतो.

दादा आले. "काय रे, काय चाललंय?"

"काही नाही दादा. तण काढतोय."

"अरे, वापरताच येत नाही तुम्हाला..."

"तुम्ही गप्प बसा हो भावजी," इंजिनिअरच्या पत्नी म्हणाल्या. "चार महिने नवऱ्याशी भांडतेय मी तुमच्यापायी."

आता सगळे हसले. दादांनी श्रीखंडाची वाटी तशीच ठेवली आणि ते पार्किंगकडे गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, बाईला हाकललं, आता बिनधास्त मिस्ड कॉल दे.

"नक्की गेली?"

"नक्की."

तिने दिला. पण पहिली रिंग पुरी व्हायच्या आत घाबरून तोडला. अजूनही तसाच तोडते. फोन हातात नसला तर मला तो ऐकूही येत नाही. दादा आता मंडळात भेटले की माझी पाठ थोपटून म्हणतात, "झालं गेलं सोड रे." मी नमस्कार करतो. सोडत नाही.