बिजागरीची जाळी

आर्डिस कुलो पहिल्यांदा दिसली ना, तेव्हा वाटलं, ही बाई ताटावरची माशीसुद्धा विचारून हाकलेल. काय फसलो आम्ही! अजून आठवलं की पोट धरून हसू येतं.

अमेरिकेतल्या आमच्या शेबॉयगनमध्ये उन्हाळा लागला की अंगणाअंगणांत कोळशावर सॉसेजं भाजतात. कुलोंकडे नवरा गेल्यापासून चिमटा आर्डिसच्या हातात. गेल्या उन्हाळ्यात तिच्या गोल शेगडीची गंजकी जाळी मधोमध तुटली आणि सगळ्या घराचं जेवण राखेत गेलं. धाकटा दीर डेलबर्ट भर अंगणात म्हणाला, "वहिनी, भंगारात द्या ही. पुढच्या वेळी मी माझी गॅसची आणतो. तुम्ही आपलं सॅलड बघा."

बाई तेव्हाही हसल्या. पण घरी कुणी नसताना कोबी अशा चिरायच्या, जसा काही डेलबर्टच पाटावर आहे.

थंडी सरल्यावर तिने शेगडीच्या आत, जाळी टेकते तिथे फितीने माप घेतलं, मोठ्या झाकणाचं नाही, आणि हार्डवेअरचं दुकान गाठलं. मुलाम्याची स्वस्त जाळी बोटाने वाजवली. "ही मला पुन्हा तोंडघशी पाडणार."

"मग बिडाची घ्या," दुकानदार म्हणाला. "भाजल्याचे चट्टे काय झकास उठतात!"

"चट्टे मला सॉसेजवर नकोत, दुसऱ्याच कुणावर हवेत. आणि ही उचलता उचलता माझं मनगट जाईल."

तिसरी स्टीलची, जाड सळ्यांची. दोन्ही कडांना बिजागरीच्या झडपा. आर्डिसने झडप उघडली, मिटली, परत उघडली. चेहरा असा खुलला की दुकानदार एक पाऊल मागे सरला.

"कुणाला भेट द्यायचीय का?"

"दिराला," ती गोडपणे म्हणाली. "पण घरी नेणार मी."

सगळे जमले त्या दिवशी तिने मुद्दाम कोळसा कमी घातला. सॉसेजं अर्धीकच्ची आणि निखारे मंदावलेले. डेलबर्ट गॅसची शेगडी गाडीतून उतरवूनच उभा.

"झालं! आता सगळं उतरवा, जाळी उचला, कोळसा घाला. तोवर आम्ही उपाशी!"

"आणि जाळी न उचलता घातला तर, भाऊजी?"

"तर ही गॅसची पुन्हा या अंगणात आणणार नाही. ऐका रे सगळे!"

"ऐकलं ना सगळ्यांनी?" आर्डिसने चिमट्याने कडेची झडप वर केली, मागे पेटवून ठेवलेले निखारे आत सोडले, झडप मिटली. मधलं एकही सॉसेज हललं नाही.

"ही लबाडी आहे! झडप जाळीचाच भाग. झडप उचलली म्हणजे जाळी उचलली!"

"असं? मग दार उघडून आत आलात, तेव्हा माझं घर उचललंत का हो, भाऊजी?"

डेलबर्टची बायको मार्सेला सगळ्यांत मोठ्याने हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "चढवा ती गॅसची परत गाडीत."