परभणीचा ब्लूज, मुक्काम दोहा

परभणीच्या मराठीत ब्लूज गाणारा माणूस जगात एकच आहे आणि तो दर शुक्रवारी माझ्या सोफ्यावर झोपत असे, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. आमच्या हिचा हा मावसभाऊ. फुटबॉल वर्ल्डकपच्या स्टेडियममध्ये गार हवेचे डक्ट बसवायच्या कामावर सुपरवायझर म्हणून कतारला आला, पण ओळख करून देताना ‘सिंगर, सध्या एसीत’ असं सांगे. आठवडाभर इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या खोलीत, आणि सुट्टीला गिटारीसकट अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटवर.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं, एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं, हे मला त्यानेच शिकवलं. माझं संगीताचं ज्ञान आरतीपुरतं, आणि तिथेही माझ्या हाती कुणी टाळ देत नाही. हा बोलायचाही ब्लूजमध्येच. “ताई, चहा टाक. ताई, चहा टाक जरा. न्हाईतर मी गायला बसतो बग.” चहा लगेच होई. तरीही तो गाई:

एसी लावतो मी साऱ्या दोह्याला,
एसी लावतो मी साऱ्या दोह्याला,
अन् माज्याच खोलीत पंखा फिरंना.

पहिल्यांदा हे ऐकून शेजारच्या केरळी बाईंनी दार वाजवलं. “भाभीजी, घर पे सब ठीक है न?” आमच्या चिरंजीवांनी विचारलं, “मामा, व्हाय आर यू सो सॅड?” मामा म्हणाला, “सॅड न्हाई रे, तालात हाय.” इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला मुलींचा नाच आणि लकी ड्रॉ यांच्यामध्ये बसवलं होतं. सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले, “जरा आनंदी काही घ्या ना.” याने माइकवरूनच उत्तर दिलं, “हे आनंदीच हाय. दुःखाचं अजून काढलंच न्हाई.”

असा हा कलावंत दोह्याला लागूनच असलेल्या लुसैलच्या एका छोट्या स्टेजसाठी ऑडिशन देऊन आला आणि चक्क निवडला गेला. वर्ल्डकपच्या दिवसांत एक संध्याकाळ, अर्धा तास. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. पण डक्टचं काम उन्हाळ्यातच संपलं, त्याबरोबर करारही खलास. थांबायचं तर दुसरी नोकरी हवी. मी ओळखी काढून त्याला एका इंटरव्ह्यूला धाडलं. तिथे विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? हा म्हणाला, “पाच वर्षांचं सांगता येत न्हाई. नोव्हेंबरात लुसैलला गायचं हाय.” मी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, “दाजी, इचारलं तर खोटं कामून सांगू?”

नोकरी अर्थातच हुकली, आणि सप्टेंबरात त्याला विमानतळावर सोडलं. हिला तो म्हणाला, “रडू नको, चाल बिघडते.”

नोव्हेंबरात त्या संध्याकाळी, त्याच्या वेळेला, मी एकटाच लुसैलला गेलो. का, ते घरीही नीट सांगता आलं नाही. स्टेजसमोर उभा होतो तेवढ्यात परभणीहून फोन.

“दाजी, माज्या जागी कोण हाय?”

“कुणी नाही रे. रिकामंच आहे स्टेज.”

समोर एक गोरा पोरगा जीव तोडून गिटार वाजवत होता.

“बरा वाजवायलाय,” तो म्हणाला. “पण दुसरी तार उतरलीय त्याची. अर्धाच तास मिळतो तिथं, वाया जाईल बिचाऱ्याचा. जरा जाऊन सांगा की.”

दुसरी तार वरून मोजायची की खालून, एवढंही मला ठाऊक नव्हतं. फोन तसाच चालू ठेवला आणि “एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी” करत गर्दीतून पुढे निघालो.