पट्टे सैल करून द्या

चपलेचा पट्टा पायात रुतला की मध्य प्रदेशातल्या वारासिवनीची ती केस आजही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. साठच्या दशकातली गोष्ट. मी तिथे ठाणेदार होतो.

खबर आणली ती ठाण्यासमोर चपला शिवायला बसणाऱ्या म्हाताऱ्याने. शिवून शिवून त्याला साऱ्या गावाचे पाय पाठ झाले होते. सकाळची हजेरी चालू असताना तो आत आला.

"साहेब, आठ दिवसांपासून लोक पट्टे सैल करून मागून राह्यले. सारे आमच्याच वस्तीतले. पाय सुजून राह्यले. आमच्या बुढीचेही."

भेसळीच्या तेलाने पाय सुजतात, हे मी ऐकून होतो. "तेल कुठलं खाता, बाबा?"

"नाक्यावरच्या घान्याचं. स्वस्त पडते ना."

रोजनामच्यात नोंद करून मी अन्न निरीक्षकाला घेऊन घाण्यावर गेलो. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं विषारी बी मिसळलं असावं, असा त्याचा संशय होता. दोन्ही दाणे काळे, बारीक. नुसत्या डोळ्यांना फरक कळेना. पंचनामा झाला, नमुना भोपाळला रवाना झाला.

निरीक्षक म्हणाला, "संशयावर माल आजच अडवता येतो. पण रिपोर्ट उलटा आला तर मालक आपल्याला कोर्टात खेचेल. तुम्ही लेखी द्या."

मालकाची वट मोठी होती. मी कच खाल्ली. लेखी दिलं नाही.

परतलो तेव्हा म्हातारा ठाण्याच्या दारातच थांबला होता. "साहेब, मंग ते तेल खावं का नाई?"

"रिपोर्ट येऊ दे, बाबा. उगाच बोंबाबोंब नको."

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. तेलात विष होतं. तोवर वस्तीतल्या अनेकांना धाप लागली होती, काही दगावले होते. त्यात म्हाताऱ्याची बायकोही गेली.

चौकशीत मालक कानावर हात ठेवत होता. पण त्याच्या हमालाने जबाबात सांगितलं, "मालकाच्या घरी हे तेल जातच नाई. महिन्यापासून जवसाचं आणते."

ते पुढे ठेवताच मालक खाली बसला. "घरच्याईचे पाय सुजले, साहेब. शंका आली, म्हणून घरी बंद केलं."

"मग दुकानात काहून विकलं?"

"शंकाच होती ना. पक्कं कुठं होतं?"

मी संतापून टेबलावर हात आपटला.

अटक केल्यावर म्हाताऱ्याला सांगायला गेलो. त्याच्यापुढे बायकोची चप्पल होती. पट्टा दोनदा सैल केलेला.

"तुम्ही म्हटलं रिपोर्ट येऊ द्या, म्हणून आम्ही तेच खाल्लं," तो म्हणाला. "तुमच्या घरी कोनतं खाल्लं, साहेब?"

घाण्यावरून परतलो त्याच दुपारी मी घरातलं त्याच घाण्याचं तेल मोरीत ओतायला लावलं होतं. स्वतःच्या घरासाठी मला शंका पुरली, त्याच्या घरासाठी मी रिपोर्ट मागितला. कायद्याने हात बांधले नव्हते, मीच ते बांधून घेतले. त्या केसने एवढंच शिकवलं, आणि त्या शिकण्याचा कुणालाच उपयोग झाला नाही.

बदली होईपर्यंत ठाण्यात मागच्या दाराने जात राहिलो.