पॅडच्या पाऊचमधला फोन

माझा हात चटकन उठतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. परक्या माणसावर मात्र तो एकदाच उठला, जामबागला, लेकीच्या शाळेच्या गेटवर.

लेक तेव्हा नववीत. शाळेत फोनला सक्त बंदी, रोज दप्तरं तपासायचे. मी काय करायची, तिच्या पॅडच्या पाऊचमध्ये फोन लपवून द्यायची. त्या पाऊचला कुठला सर हात लावणार? फार शहाणी समजत होते मी स्वतःला! तिला बजावून ठेवलं होतं, "काही झालं तर कुणाचं ऐकू नकोस. मी सांगीन तेच कर."

एका दुपारी शाळेत बॉम्ब ठेवल्याची धमकी आली. आयांच्या ग्रुपवर धडाधड मेसेज पडले. अंबरपेठहून ऑटो करून मी पोचले, तोवर गेटवर दोनेकशे माणसं. ढकलाढकली, शिव्या, कुणीतरी दगडाने कुलूप ठेचतंय. आतून म्हातारा वॉचमन गेट धरून ओरडत होता, "अम्मा, बच्चे सब पिछले मैदान में हैं! उधर जाओ!"

खोटं बोलतोय मेला, असंच वाटलं मला. गजांतून हात घालून मी त्याची कॉलर ओढली आणि थोबाडीत ठेवून दिली. त्याचा चष्मा पडला. माझं बघून बाजूच्यांनीही त्याला दोन-चार हाणल्या.

मग लेकीला फोन लावला. ती कुजबुजली, "आई, आम्ही मैदानात लाइनीत बसलोय. हजेरी झाली."

"लाइन गेली खड्ड्यात! पुढच्या गेटवर ये."

"मॅम नक्को म्हणतात गं."

"मी सांगते ना? पळ!"

ती पळत आली आणि तेवढ्यात कुलूप तुटलं. लोंढा आत घुसला, त्यात मीही. गेटचा लोखंडी पल्ला तिच्यावर आदळला, ती पडली, आणि तिच्या अंगावरून पाय गेले. त्यात माझा नव्हता, असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. लोकांना ओरबाडत, चावत मी तिच्यापर्यंत पोचले. कोपर भलतीकडेच वळलेलं, ओठ फाटलेला.

बॉम्ब नव्हताच, पण ते संध्याकाळी कळलं. तिच्या मॅमना तेव्हा कुठे ठाऊक होतं? त्यांनी मैदानात पुन्हा मुली मोजल्या, एक कमी भरली. म्हणून त्या एकट्या त्या रिकाम्या इमारतीत परत गेल्या. तिन्ही मजले, एकेक बाथरूम, लेकीच्या नावाने हाका मारत शोधलं. शेवटी त्या गेटवर आमच्याजवळ आल्या. लेकीला बघताच त्या रडत-रडत तिच्यावर ओरडल्या, "किधर गई थी तू? तेरे लिए मैं ऊपर गई! मेरे भी दो छोटे बच्चे हैं!"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग फाटक्या ओठाने म्हणाली, "सॉरी मॅम. मैं डर के भाग गई."

मी बोलावलं होतं तिला, एवढंच म्हणायचं होतं मला. अँब्युलन्स येईपर्यंत मॅम तिलाच बोलत राहिल्या, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते.