शूटिंगवाल्याची लाइन

"मॅडम, ही लाइन आजच कापा!" मालकांनी कागद माझ्या टेबलावर आपटला. एका फिल्म कंपनीच्या वकिलाची नोटीस होती. तुमच्या कनेक्शनवरून आमचा नवा पिक्चर टोरंटनं वाटला जातोय, थांबवा.

मंगरूळपीरच्या या ब्रॉडबँड ऑफिसात मी नेटवर्क सांभाळते. नोटिशीत आयपी नंबर होता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. तो पत्ता कुणाकडे होता, याची नोंद असलेला लॉग उघडला. शेलूबाजारचा प्रमोद, लग्नाचं शूटिंग करणारा.

"लाइन कापली तर त्याचा धंदाच बसेल," मी म्हटलं.

"टोरंट वापरते तो. चोरी हाय ते! तुमी कायले त्याची बाजू घेऊन राह्यल्या?"

"टोरंट म्हणजे चोरी नाही. आधी पाहून तर येते."

टोरंटमध्ये फाइल एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर नसते. तिचे तुकडे होतात आणि ज्याला तुकडा मिळाला, त्याचा कॉम्प्युटर तो पुढच्याला देऊ लागतो. आपल्याकडे लग्नात जेवून उठलेलाच बादली घेऊन पुढच्या पंगतीला वाढतो, तसंच.

प्रमोदच्या दुकानात कॉम्प्युटर सुरूच होता. "बंदच नाही करत, ताई. अकोल्याचा एडिटर इथूनच लग्नाचे व्हिडिओ ओढते. पयले हार्ड डिस्क घेऊन जीपनं जात होतो, अख्खा दिवस जाये."

शूटिंग त्याचं, गिऱ्हाइकाची परवानगी घेतलेली. यात बेकायदेशीर काहीच नाही. मला तर पोराचं कौतुकच वाटलं. मग मी स्क्रीनवरची टोरंटच्या फाइलींची यादी खाली सरकवली. सात लग्नं, आणि आठवा तो पिक्चर.

"हे काय रे?"

त्याचा चेहराच उतरला. "बाबासाठी घेतला होता. एकडाव पाह्यला. कोनाले इकला नाही ताई, शप्पथ!"

"फुकट उतरवला हीच चोरी, बावा! वर महिनाभर साऱ्या दुनियेला वाटून राह्यला तू!" मी चिडलेच. एडिटरसाठी कॉम्प्युटर चालू ठेवायची त्याची चांगली सवय, तिनंच घात केला होता. लग्नांसोबत पिक्चरही दिवसभर बाहेर जात होता.

"आता लाइन कापसान का? दोन लग्नं अर्धीच गेली हायेत." मलाही वाईट वाटलं.

पिक्चर डिलीट करायला लावला. 'चूक झाली, फाइल काढली' असं सहीनिशी लिहून घेतलं. तिथूनच मालकांना व्हिडिओ कॉल लावून यादी दाखवली.

"म्हनजे लग्नं असे पाठवता येतात?" मालक चाट पडले.

"येतात. फक्त फाइल आपली हवी."

"मंग राहू द्या चालू. पन पुन्हा सापडला, तर मी सोता येईन वायर तोडाले!"

संध्याकाळपर्यंत दोन्ही लग्नं अकोल्यात पोचली. वकिलाला उत्तर गेलं, दुसरी नोटीस आली नाही. प्रमोद आता कुठलीही फाइल घेण्याआधी मला फोन करतो, आणि मी वैतागते.

पण ते बरं. सॉफ्टवेअरला आपलं-परकं कळत नाही. ते पाहणं आपल्याकडेच असतं.